जुन्या गोव्याला लोक कशासाठी येतात?

आमच्या गाइड मंडळींत एक वाद कायम चालू असतो. संत फ्रान्सिस झेवियरचा देह ज्या चर्चमध्ये आहे, त्या बॉम जेझूस बासिलिकेत रोज जी गर्दी लोटते, तिच्यातले भाविक किती आणि बघे किती? बहुतेक जण झटपट वाटणी करून मोकळे होतात. गुडघे टेकले, तो भाविक. मोबाईल वर धरून आत शिरला, तो बघ्या. मला ही वाटणी कधीच पटली नाही. मी मराठी गटांना जुने गोवे दाखवते. परवान्याच्या परीक्षेसाठी हातात घेतलेला ख्रिस्ती यात्रांचा इतिहास परीक्षेनंतरही सुटला नाही, आणि जितकं वाचत गेले तितकी ही वाटणी मला जास्तच अन्यायाची वाटायला लागली.

मी डिचोलीची. आमच्या घरात शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, आहेत, आणि त्याच घरातली माझी आजी गोंयच्या सायबाला, म्हणजे या झेवियरला, मानायची. मामाला लहानपणी विषमज्वर झाला तेव्हा तिनं आंगवण, म्हणजे नवस, केली होती की पोर उठून बसलं तर सायबाच्या फेस्ताला, त्याच्या वार्षिक सणाला, जाऊन मेणबत्ती लावीन. ती फेडून झाली तरी ती दर 3 डिसेंबरला जात राहिली. मेणबत्ती लावायची, रांगेत उभं राहायचं, मग फेरीत, म्हणजे सणाच्या बाजारात, फिरून खाजें, चणे आणि घरात लागतील ती भांडी घेऊन यायचं. वर्षातून एकदा माहेरच्या बाया तिथं भेटायच्या, ते वेगळंच. आजी त्या दिवशी देवासाठी गेली, माहेरासाठी गेली की भांड्यांसाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिला तो प्रश्नच कळला नसता.

मिरजेकडच्या एका काकूंची गोष्ट सांगते. नोव्हेनाचे, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे, दिवस होते. तेव्हा बासिलिकेच्या वाटेवर मेणवाल्या बाया बसतात. पिवळसर मेणाचे हात, पाय, डोळे, काळीज, तान्हं बाळ, जे दुखतंय किंवा हवंय ते घ्यायचं आणि वाहायचं. काकू गुडघेदुखीनं बेजार होत्या. त्यांनी एक पाय उचलला, न्याहाळला आणि म्हणाल्या, ‘‘अगं, माझा डावा दुखतोय, हा उजवा आहे.’’ विकणारी बाई कोकणीत काहीतरी पुटपुटली, पाय हातात घेऊन अंगठा कुठल्या बाजूला येतो ते बघितलं, आणि टोपलीच्या तळातून हुडकून डावा काढून दिला. काकूंनी तो पदरात धरला. मी विचारलं, ‘‘घरून ठरवून आला होतात का?’’ म्हणाल्या, ‘‘छे गं. बसमधून उतरले तेव्हा मनात काही नव्हतं. आमचा जोतिबा आहे की. पण पाय दिसला आणि वाटलं.’’

आता या काकूंना कुठल्या खान्यात घालायचं? सकाळी मंगेशी, मग म्हार्दोळची म्हालसा आणि कवळ्याची शांतादुर्गा करून त्या आल्या होत्या. जुने गोवे त्यांच्या कार्यक्रमात होतं ते टूरवाल्यानं टाकलं म्हणून. कारण वाटेत तयार झालं. यात्रेत हे फार घडतं आणि कुठल्याही नोंदवहीत उतरत नाही.

मेणाच्या पायाला तर युरोपात मोठा इतिहास आहे. इंग्लंडात कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये 1170 मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटचा खून झाला, 1173 मध्ये त्याला संत ठरवलं, आणि आजाऱ्यांची रीघ लागली. आजारी माणसाला दोऱ्यानं डोक्यापासून पायापर्यंत मोजायचं आणि त्याच दोऱ्याची वात करून तेवढी मेणबत्ती संताला वाहायची, अशी तिकडे पद्धत होती. बरे झालेले लोक मेणाचे अवयव ठेवून जात. 1538 मध्ये राजा आठव्या हेन्रीनं ते स्थान उद्ध्वस्त केलं.

आणि मोबाईलचं म्हणाल तर जर्मनीतल्या आखेनची हकिकत ऐका. तिथं मरियेचं वस्त्र, बाळ येशूची दुपटी असे पवित्र कपडे दर सात वर्षांनी उंच सज्जातून लोकांना दाखवत. गर्दी एवढी की जवळ जाणं अशक्य. म्हणून पंधराव्या शतकात यात्रेकरू धातूच्या चौकटीतले छोटे आरसे विकत घेत आणि डोक्यावर उंच धरत. अवशेषांचं तेज आरशात पकडलं जातं आणि ते घरी नेता येतं, असा विश्वास होता. पुढे छापखान्यामुळे जगप्रसिद्ध झालेल्या गुटेनबर्गनं त्याआधी स्ट्रासबुर्गमध्ये भागीदार जमवून याच यात्रेसाठी आरसे बनवायचा धंदा काढला होता. यात्रा 1439 ची धरून चालले होते, ती प्लेगमुळे एक वर्ष पुढे गेली आणि भागीदारांचं गणित बिघडलं.

बासिलिकेत मोबाईल उंच धरलेले हात बघितले की मला ते आरसे आठवतात. इचलकरंजीचा एक मुलगा असाच हात वर करून बराच वेळ उभा होता. आमच्यातल्या एकानं त्याला बाजूला व्हायला सांगितलं. नंतर कळलं की अंथरुणाला खिळलेली त्याची आई व्हिडिओ कॉलवर होती, आणि ती म्हणत होती, अजून जवळून दाखव. मध्ययुगात ज्यांना चालणं शक्य नव्हतं ते आपल्या बदली दुसऱ्याला यात्रेला पाठवत. मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवत. तो मुलगा आईच्या बदली आलेला यात्रेकरूच होता, एवढंच मी म्हणते.

ज्याच्यासाठी ही सगळी गर्दी, तो फ्रान्सिस झेवियर गोव्याला आला तोच मुळी एक यात्रा फसली म्हणून. हे मी प्रत्येक गटाला सांगते, कारण ते मला स्वतःला फार भिडतं. त्याचा गुरू इग्नेशियस लोयोला 1523 मध्ये जेरुसलेमला जाऊन आला होता. तिथंच राहायची त्याची इच्छा होती, पण तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्याला परत पाठवलं. पुढे 15 ऑगस्ट 1534 ला पॅरिसमध्ये मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी शपथ घेतली की गरिबीत राहायचं आणि जेरुसलेमला जायचं. ते जमलं नाही तर पोप सांगेल तिकडे जायचं. त्या सातांत झेवियर होता. 1537 मध्ये ते व्हेनिसला जमले, पण व्हेनिस आणि तुर्कांमध्ये युद्ध पेटलं होतं आणि यात्रेकरूंची जहाजं सुटत नव्हती. थांबून थांबून शेवटी ते रोमला गेले. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडे पाठवायला धर्मगुरू हवे होते. ज्याला पाठवायचं ठरलं होतं तो आजारी पडला, आणि ऐनवेळी झेवियरचं नाव पुढे आलं. 7 एप्रिल 1541 ला तो लिस्बनहून निघाला आणि 6 मे 1542 ला गोव्याला पोचला. ती शपथ मनासारखी पार पडली असती तर तो जेरुसलेमच्या आसपास कुठं तरी राहिला असता.

भारतात आल्यावर मात्र त्याला एक यात्रा घडली. 1545 मध्ये तो आजच्या चेन्नईतल्या मैलापूरला, येशूचा शिष्य संत थॉमसच्या कबरीपाशी जाऊन राहिला. पुढे काय करावं ते त्याला उमगत नव्हतं. तिथं प्रार्थनेत काही महिने काढल्यावर आजच्या मलेशियातल्या मलाक्काला जायचं ठरलं. निर्णय घ्यायला तीर्थाला जाणं हे कारणही यादीत धरायला हवं. आपल्याकडे देवाला कौल लावायला जाणाऱ्यांना ते सांगावं लागत नाही.

सुरुवातीच्या ख्रिस्ती यात्रेकरूंना मुख्यतः बघायचं होतं. सन 333 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोहून एक माणूस जेरुसलेमला निघाला. त्यानं मागे ठेवलेलं टिपण म्हणजे घोडे कुठं बदलले आणि कुठून कुठं किती अंतर याची यादी, आणि पवित्र भूमीत पोचल्यावर मग ही विहीर कुणाची, तो डोंगर कुठला अशी वर्णनं. चौथ्या शतकाच्या शेवटाकडे, 381 ते 384 च्या सुमारास, एजेरिया नावाची बाई त्याच प्रदेशात फिरली. ती प्रत्येक जागी बायबलमधला तिथला भाग वाचायला लावायची आणि सगळं तपशिलात घरच्या भगिनींना लिहून कळवायची. अमुक कुठं घडलं ते दाखवा, अशी तिची मागणी. आमच्याकडे येणाऱ्या चौकस पर्यटकांहून ती फार वेगळी नव्हती.

यात्रेवर टीकाही तेव्हापासूनची. न्यिसाचा बिशप ग्रेगरी स्वतः जेरुसलेम पाहून आला आणि मग त्यानं लिहिलं की जागा बदलल्यानं देव जवळ येत नाही. आपल्या संतांनी तीर्थांबद्दल जे बजावलं, त्याच सुरातलं हे बोलणं.

नंतर मात्र कारणांत हिशेब शिरला. 1095 मध्ये पोप अर्बन दुसरा यानं जेरुसलेमकडे सैन्य काढायला लावलं, तेही यात्रेच्या भाषेत आणि पापांच्या प्रायश्चित्ताची हमी देऊन. 1300 मध्ये पोप बोनिफेस आठवा यानं पहिलं पुण्यवर्ष जाहीर केलं. रोमच्या रहिवाशांनी तीस दिवस आणि बाहेरच्यांनी पंधरा दिवस संत पीटर आणि संत पॉल यांच्या देवळांना भेट दिली की पापांच्या शिक्षेची पूर्ण माफी. आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सकडच्या शहरांत तर न्यायालयं गुन्हेगाराला शिक्षा म्हणून यात्रेला धाडत, आणि जाऊन आल्याचा दाखला आणावा लागे. पंधराव्या शतकात व्हेनिसचे जहाजवाले पॅलेस्टाइनच्या जाफा बंदरापर्यंतचं भाडं, जेवण, तिकडची गाढवं आणि जकात सगळं एकाच करारात बांधून देत. म्हणजे आमच्या टूरवाल्यांचं पॅकेज नवं नाही. त्या जहाजावर एकाच वेळी कुणी नवस फेडायला, कुणी सरदारकीचा मान मिळवायला, कुणी जग बघायला आणि कुणी घरच्या कटकटीतून सुटायला बसलेला असे.

गोव्याच्या बाबतीत लोकांना बोलावणाऱ्यांची कारणंही बदलत गेलेली दिसतात. झेवियर 3 डिसेंबर 1552 ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशियान बेटावर वारला. त्याचा देह मलाक्कामार्गे मार्च 1554 मध्ये गोव्यात आला तेव्हा लोक आपणहून लोटले. एका बाईनं पायाचं बोट दातानं तोडून नेलं ही हकिकत तेव्हाचीच सांगतात. त्या काळच्या भक्ताला संताचा तुकडा हवा असे. रोमलाही तो हवा होता. 1614 मध्ये उजवा हात कोपरापासून काढून रोमला पाठवला गेला. 1622 मध्ये त्याला संतपद मिळालं, गोव्याच्या सोनारांनी 1636-37 मध्ये चांदीची पेटी घडवली, आणि फ्लॉरेन्सच्या ड्यूकनं पाठवलेला संगमरवरी चौथरा 1698 मध्ये इथं उभा राहिला. तो चौथरा मूर्तिकार फोज्जिनीनं केलेला. त्याच्या चार बाजूंचे काशाचे पट नीट बघायचे तर मान वर करून थोडं थांबावं लागतं, आणि ते कुणी थांबून बघत नाही याचं मला वाईट वाटतं.

पहिलं जाहीर शवप्रदर्शन 1782 चं, आणि ते झालं एका अफवेमुळे. जेझुइटांना, म्हणजे झेवियरच्याच संघाच्या पाद्रींना, 1759 मध्ये हाकललं होतं. जाताना त्यांनी खरा देह पळवला आणि दुसराच ठेवला, असं लोक बोलायला लागले. तेव्हा झाकण उघडून दाखवणं भाग पडलं. त्यानंतरचं 1859 मध्ये. 1952 चं प्रदर्शन चारशेव्या पुण्यतिथीचं. भारत स्वतंत्र झाला होता, गोवा भारतात यावा ही मागणी जोर धरत होती, आणि गोवा कसा पोर्तुगालचाच आहे हे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारला जगाला दाखवायचं होतं. पण त्या रांगेतल्या बाईला सालाझारशी काय घेणं? ती आपलं लेकरू घेऊन पायांचं चुंबन घ्यायला आलेली. पुढे देह काचेच्या पेटीत ठेवला गेला, आणि 1964 पासून दर दहा वर्षांनी सहा आठवड्यांच्या आसपास तो बासिलिकेसमोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवतात. अलीकडचं दर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025. रोमला गेलेला तो हात 2018 मध्ये विमानात स्वतःच्या आसनावरून कॅनडाला गेला आणि शहरोशहरी फिरला. यात्रेकरू संताकडे यायचे, इथं संतच त्यांच्याकडे गेला.

गटात एखाद-दुसरा तरी मला इन्क्विझिशनबद्दल, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाबद्दल, विचारतो. कधी रागानं विचारतो. तो आलेलाच असतो त्या रागापोटी, आणि मला तेही येण्याचं खरं कारण वाटतं. मी जे आहे ते सांगते. झेवियरनं 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन आणायची मागणी केली होती. ते सुरू झालं 1560 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आणि 1812 पर्यंत चाललं. देवळं पाडली गेली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हालसा नदीपलीकडे हलवावी लागली. सकाळी ज्या कुलदेवतेचं दर्शन घेऊन तुम्ही आलात ती तिथं का आहे, याचं उत्तर या इतिहासात आहे. हे ऐकून काही जण बासिलिकेत जायचं नाकारतात. मी आग्रह करत नाही. बरेच जण ऐकूनही जातात, आणि बाहेर येताना गप्प असतात.

बासिलिकेसमोरचा रस्ता ओलांडून टेकडी चढली की संत ऑगस्टिनच्या मठाचे भग्नावशेष लागतात. तिथं पर्यटक मनोऱ्याचा फोटो काढतात. मला मात्र तिथं जॉर्जियाची राणी केतेवान सांगायची असते. धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासनं 1624 मध्ये तिला शिराझमध्ये हाल करून मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गोव्यात आणले. पुढे मठ ओस पडला, छत कोसळलं, जागा विसरली गेली. पुरातत्त्व खात्याला खणताना हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं डीएनए तपासून 2013 मध्ये निष्कर्ष दिला, आणि जुलै 2021 मध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. जॉर्जियन लोकांसाठी ती संतही आहे आणि राष्ट्राची राणीही. त्यांना यातलं एक कारण निवडायला सांगणं क्रूरपणाचं होईल.

एकोणिसाव्या शतकात आगगाडीनं सगळं पालटलं. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 मध्ये बर्नादेत या मुलीला मरियेचं दर्शन झालं, 1866 मध्ये रेल्वे पोचली, आणि स्ट्रेचरवरचे रुग्ण गाडीभरून यायला लागले. ज्यांना चालता येत नाही अशांसाठीच जणू हे तीर्थ वाढलं. 1869 मध्ये सहली काढणाऱ्या थॉमस कुकनं इंग्रज प्रवाशांना पॅलेस्टाइनला नेलं. आमच्याकडे वास्कोहून तमिळनाडूतल्या वेळांकण्णीच्या मरियेच्या तीर्थाला आठवड्याची गाडी सुटते, आणि तिच्यात गोव्याचे हिंदूही चढतात. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मरियेला, तेल वाहायला तर आमच्या गावची माणसं ठरलेलीच. लोक तिला लईराईची बहीण मानतात. बहिणीच्या घरी जायला कारण लागत नाही.

आज युरोपात स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थाची पायवाट पुन्हा भरली आहे. 1987 मध्ये युरोपीय परिषदेनं तिला सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली. 2024 मध्ये जवळपास पाच लाख लोकांनी पोचल्याचा दाखला घेतला. शेवटचे किमान शंभर किलोमीटर चालून गेलात की कचेरीत तुम्हाला विचारतात, कशासाठी चाललात? धार्मिक, की आणखी काही? उत्तराप्रमाणे दाखला वेगळा. तिथं अनेक जण नोकरी सुटली म्हणून, घटस्फोट झाला म्हणून, नुसतं चालायचं म्हणून येतात. सायबाच्या स्पेनमधल्या नावारा प्रांतातही मार्चमध्ये लोक त्याच्या जन्माच्या किल्ल्यापर्यंत चालत जातात. त्या कचेरीतल्या कारकुनाच्या जागी मला बसायला आवडणार नाही. गोव्यात असा खिडकीवरचा प्रश्न नाही, हे मला आमच्या जुन्या गोव्याचं मोठेपण वाटतं.

चालणं आमच्याकडेही वाढलं आहे. फेस्ताच्या आधी सिंधुदुर्गातून, बेळगावहून, कारवारकडून गट पायी येतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात गोव्याचे हजारो ख्रिस्ती लोक सांकवाळला संत जुझे वाझच्या स्थानी चालत जातात. बाणावलीत जन्मलेला हा पाद्री 1687 मध्ये मजुराच्या वेशात श्रीलंकेत शिरला होता. 14 जानेवारी 2015 ला पोप फ्रान्सिसनी कोलंबोत त्याला संत घोषित केलं.

तुम्ही यायचं ठरवत असाल तर 3 डिसेंबरला फेस्ताची गर्दी झेपेल तरच या. नाहीतर 24 नोव्हेंबर ते 2 डिसेंबरच्या नोव्हेनात, शनिवार-रविवार टाळून, पहाटेच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, या. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. मिसा चालू असताना मागे उभं राहा, फोटो काढू नका. आणि टूरवाल्याला बुकिंग करतानाच सांगा की जुन्या गोव्याला पाऊण तास पुरत नाही, दोन तास हवेत. बासिलिका, से कॅथेड्रल आणि ऑगस्टिनचे अवशेष एवढ्यात आरामात होतात. टेकडीवर सावली नाही, छत्री घ्या.